जागेचा हिशेब आणि ‘सी हॉक’



आंबिवलीच्या बाजारपेठेत एका गाळ्यावर ज्यांचा व्यवसाय उभा आहे, त्यांना जागेचे मोल समजावून सांगावे लागत नाही. माळ्यावर कोणता माल, खाली कोणता, रात्री फळीवरचा कोणता पसारा आत घ्यायचा, याचा हिशेब ते रोज करतात. विमानवाहू नौकेवरील लढाऊ विमानही अशाच हिशेबातून जन्माला येते. भारतीय नौदलाचे ‘सी हॉक’ हे त्याचे सुरेख उदाहरण.

या विमानाची कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातली. इंग्लंडच्या हॉकर कंपनीत सिडनी कॅम यांच्या देखरेखीखाली जेट इंजिनाच्या विमानाचा आराखडा तयार होऊ लागला. ब्रिटिश वायुदलाने त्यात रस घेतला नाही. नौदलाने मात्र घेतला. पहिला नमुना २ सप्टेंबर १९४७ रोजी आकाशात झेपावला.

त्याच्या रचनेतील खरी युक्ती इंजिनाच्या धुरांड्यात आहे. एरवी जेट विमानाचा तप्त झोत शेपटीतून बाहेर पडतो. येथे तो दोन नळ्यांत विभागून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर काढला. नळी आखूड झाल्याने इंजिनाची शक्ती कमी वाया जाऊ लागली आणि मागचा भाग इंधनाच्या टाकीसाठी मोकळा झाला. सुमारे १२ मीटरांचा पंखविस्तार दुमडल्यावर अवघा ४ मीटरांवर येई. वैमानिकाला उतरताना धावपट्टी नीट दिसावी म्हणून त्याचे आसन पुढे घेतले होते; नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या आणि शेपटीखाली आकडा. उतरताना हा आकडा नौकेवरील आडव्या तारेत अडके आणि विमान थोडक्या अंतरात थांबे.

आपल्या ‘विक्रांत’ या नौकेसाठी भारताने हीच विमाने घेतली. सुमारे २१३ मीटर लांबीची ती नौका ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईस आली. १९६५च्या युद्धात मात्र ती दुरुस्तीसाठी गोदीतच होती. १९७१ साली पुन्हा युद्धाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा तिच्या चार बाष्पकांपैकी एकाला तडे गेलेले होते. अडचण साधी नव्हती. नौका वाफेवर चालते आणि विमानाला पुढे भिरकावणारे यंत्रही त्याच वाफेवर. वाफ कमी म्हणजे वेग कमी. वेग कमी म्हणजे उड्डाणाला साह्य करणारा समोरचा वारा कमी. दुसऱ्यांदाही ती बंदरात राहिली असती, तर तिच्यावरील खर्चाचा जाब देशाने कोणाला विचारला असता?

नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी तिला बंगालच्या उपसागरात धाडले. ४ डिसेंबर रोजी लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांच्या स्क्वाड्रनच्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे मारा केला. पुढील दिवसांत पूर्व पाकिस्तानच्या बंदरांची कोंडी झाली आणि समुद्रमार्गे येणारी रसद तुटली. गुप्ता यांना महावीरचक्र मिळाले.

युद्धयंत्राचे कौतुक मात्र जपूनच करावे; त्याच्या तोफांसमोर माणसेच असतात. परंतु सदोष साधनाची मर्यादा पुरती ओळखून, ते जितके चालते तितक्यावर काम पार पाडण्याचा विवेक हा युद्धापुरता नाही. व्यापारात तोच उपयोगी पडतो आणि संसारातही.

‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय होती आणि २०१४ साली सुमारे ६० कोटी रुपयांना विकली जाऊन दारूखान्यात तोडली गेली. ज्या नौकेने एकदा रणांगण गाठले, तिचा शेवटचा हिशेब भंगाराच्या भावाने झाला, याची खंत वाटते. ‘सी हॉक’ मात्र गोव्यात दाबोळीजवळील नौदल विमान संग्रहालयात आजही पाहता येते. सुटीत मुलाबाळांसह गोव्यास जाणे झाले, तर तेथे अवश्य थांबावे. पंखांच्या मुळाशी असलेली ती दोन भोके मुलांना दाखवावीत आणि झोत शेपटीतून का सोडला नाही, हे त्यांनाच विचारावे. दुकानात वाढलेली मुले उत्तर बहुधा लवकर देतील.