न विकलेला रंग कुणाच्या अंगावर पडतो?

अमेरिकेतली पँटोन ही कंपनी दर डिसेंबरात येत्या वर्षाचा रंग जाहीर करते. २०२३ साठी तिने ‘व्हिवा मजेंटा’ हा राणी रंगाच्या जवळचा रंग निवडला, २०२४ साठी ‘पीच फझ’, २०२५ साठी तपकिरी ‘मोका मूस’ आणि २०२६ साठी ‘क्लाउड डान्सर’ म्हणजे चक्क पांढरा. चार वर्षांत राणीवरून पांढऱ्यावर. घोषणा झाली की तो रंग जाहिरातींत, दुकानांच्या काचांमागे आणि मोबाइलवर दिसू लागतो. मग कारागिरांच्या प्रशिक्षण वर्गांतून, मेळ्यांतून आणि मदत करू पाहणाऱ्या शहरी मंडळींकडून सल्ला येतो, की ट्रेंड बघा, रंग बदला, नाहीतर मागे पडाल. नागपूर आणि भंडाऱ्याच्या विणकरांपुरतं बोलायचं तर हा सल्ला अर्धवट आहे. त्याचा भुर्दंड सल्ला देणाऱ्याला बसत नाही, विणणाऱ्याला बसतो, म्हणून या आठवड्याचं सदर त्यावर.

आपल्याकडचं उदाहरण करवत काठीचं. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव या भागात विणली जाणारी ही तसर रेशमाची साडी. काठाच्या कडेला करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. अंगाचा बाणा एका धोट्याने आणि काठाचा वेगळ्या धोट्याने घालत, दोन्ही धागे एकमेकांत अडकवत ते दात विणले जातात. या साडीला भौगोलिक मानांकन आहे. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, खण आणि घोंगडीच्या पंगतीत करवत काठीचंही नाव आहे. एवढा मान मिळाल्यावर विणकराचं बरं चाललं असेल असं वाटतं. पण २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेने देशातल्या सुमारे ३५ लाख हातमाग कामगारांची नोंद केली, आणि जवळपास दोन तृतीयांश विणकर कुटुंबांची महिन्याची कमाई ५,००० रुपयांच्या आत असल्याचं सांगितलं. ट्रेंड पाळावा की नाही, हे या कमाईच्या घरात ठरवायचं आहे.

मागावर काय घडतं ते जरा जवळून बघू. सूत आणायचं, लड्या रंगवायच्या, ताणा करायचा, फणीतून एकेक धागा ओवायचा, मग कुठे पहिला बाणा पडतो. एका ताण्यातून एकापेक्षा जास्त साड्या निघतात, म्हणजे ताण्याला रंग दिला की पुढच्या सगळ्या साड्यांचा रंग काही आठवड्यांसाठी बांधला गेला. फॅशनचा रंग तोवर थांबत नाही. साड्या उतरून बाजारात पोचेपर्यंत गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर दुसराच रंग आलेला असतो. व्यापाऱ्याने तो माल उचलला नाही तर रेशमाचे, रंगाचे आणि मजुरीचे पैसे विणकराच्या घरात अडकतात. माल अंगावर पडणं म्हणतात ते हेच, आणि ५,००० रुपयांच्या घराला अशा दोन साड्याही झेपत नाहीत.

ट्रेंडचा प्रश्न सौंदर्यदृष्टीचा आहे असं आपण समजतो. मला तो आधी पैशाचा वाटतो. न विकल्या गेलेल्या रंगाची किंमत कोण मोजणार, एवढं ठरलं की बाकीचं बरंच आपोआप सुटतं.

हे कळायला मोहाडीपर्यंत जायची गरज नाही, नागपूरच्या महाल भागातली चितार ओळी पुरे. पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती घडवणारी ती गल्ली ट्रेंडला अजिबात बिचकत नाही. एखाद्या मंडळाला त्या वर्षीच्या सिनेमातल्या नायकाच्या थाटाचा गणपती हवा असतो, कुणाला मुंबईच्या नामांकित मूर्तीची हुबेहूब प्रतिकृती. मूर्तिकार ती करतो, कारण मंडळ बयाणा देऊन जातं आणि माती भिजवण्याआधीच जोखीम वाटली जाते. त्याच गल्लीत तान्ह्या पोळ्यासाठी मिळणारा लाकडी नंदी मात्र ठरलेल्या रूपात येतो. त्याला बयाणा नसतो, पण यंदा राहिला तरी पुढच्या पोळ्याला विकला जातो. सिनेमातल्या नायकासारखा दिसणारा गणपती अनंत चतुर्दशीनंतर कुणीच घेणार नाही. चितार ओळीला हा हिशोब कुणी शिकवावा लागला नाही. बयाण्यावर नवं करायचं, विनाबयाणा करायचं ते टिकाऊ करायचं, हा तिथला रिवाज आहे आणि मला तो कुठल्याही विपणन कार्यशाळेपेक्षा शहाणा वाटतो.

करवत काठीच्या विणकराला असा बयाणा क्वचितच मिळतो. ‘नवीन रंग करून आणा, मग बघू’ असं त्याला सांगितलं जातं. या ‘मग बघू’वर माझा खरा राग आहे.

दुसरी गोष्ट धाग्याची. तसरचा कोसा भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात होतो. येन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाजाची माणसं अळ्या वाढवतात, पाखरांपासून राखतात. त्या कोशाचा धागा मुळातच मधासारखा, कधी गव्हाळ, कधी करडा निघतो. गडद रंग तो चांगला धरतो. फिकट रंग हवा असेल तर आधी त्याचा मूळ रंग काढावा लागतो, आणि ते विरंजन जोरात झालं की धाग्याची ताकद जाते. तुतीच्या रेशमाला जो पांढरा सहज जमतो तो तसरवर आणायचा म्हणजे तसरचं तसरपण घालवायचं. २०२६ चा पांढरा या साडीचा नाही आणि २०२४ चा पीचही नव्हता. २०२५ चा तपकिरी मात्र कोशाच्या अगदी शेजारचा होता.

नागपुरात दर हिवाळ्यात सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. तपकिरीच्या वर्षी तिथल्या एका स्टॉलवर एक ताई मोबाइलवरचा फोटो दाखवून विचारत होत्या, ‘‘भाऊ, यातला हा कॉफीसारखा शेड आहे का?’’ विणकराने एक न रंगवलेली साडी उलगडली आणि म्हणाला, ‘‘रंग नाही न टाकला यात ताई, कोशाचाच आहे हा.’’ ताईंनी ती उजेडात धरली, पदर हातावर घेतला, आणि फोटो पुन्हा काढला नाही. साडी घेऊनच गेल्या. त्या वर्षी लाट आपणहून त्याच्या दारात आली होती. तो तिच्यामागे धावला नव्हता.

आता उलट बाजू, कारण ती खरी आहे. परंपरा म्हणून काहीच बदलायचं नाही असं म्हणणाऱ्यांनी नागपुरी लुगड्याचं काय झालं ते आठवावं. इथले कोष्टी विणकर रेशीमकाठी बारीक सुती लुगड्यांसाठी नावाजलेले होते. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीचं कापड स्वस्त असूनही हातमागाचं उंची लुगडं तग धरून राहिलं, कारण तो काठ आणि तो पोत गिरणीला जमत नव्हता. पुढे बायकांनी नऊवारी सोडून सहावारी धरली तेव्हा मात्र काठाची पुण्याई कामी आली नाही. ज्यांनी लांबी-रुंदी बदलली त्यांचे माग चालत राहिले. हा काही एका मोसमाचा रंग नव्हता. बाई कामाला बाहेर पडू लागली, बसने जाऊ लागली, तिचं नेसणं बदललं. अंगावरच्या वापरात बदल होतो तेव्हा विणकराने तो तत्काळ ओळखावा. आजही तसंच चाललं आहे. पुष्कळ मुली रोज साडी नेसत नाहीत, ओढणी घेतात, कुर्ता शिवतात, लग्नात एकदा साडी नेसतात. करवत काठाची ओढणी आणि कुर्त्याचं कापड विणणं मला या साडीचा अपमान वाटत नाही. उलट ते पूर्वीच व्हायला हवं होतं.

खणाचंही बघा. गेल्या काही वर्षांत चोळीच्या खणाची साडी झाली, पिशवी झाली, डायरीचं वेष्टन झालं. महाराष्ट्रभर त्याची हौस पसरली याचा मला आनंद आहे. पण बाजारात दिसणाऱ्या बहुतेक खण साड्या यंत्रमागावरच्या आहेत. मागणी एकदम फुगली की ती पुरवायची ताकद हातमागात नसते, यंत्रात असते. साडीचे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा केंद्राचा कायदा १९८५ पासून आहे, पण दुकानात घडी उलगडताना त्याची आठवण ना विकणारा काढतो ना घेणारा. नुसता रंग हेच वैशिष्ट्य असेल तर त्याची नक्कल काही दिवसांत होते. करवतीचे दात हातांनी अडकवलेले आहेत की छापलेले, हे साडी उलटी करून बघितलं की कळतं. विणकराने गिऱ्हाइकाला ती उलटी बाजू आवर्जून दाखवावी.

म्हणून माझं म्हणणं असं, की ताणा कोशाच्याच रंगाचा ठेवावा आणि बदल बाण्यात करावा. बाणा साडीगणिक बदलता येतो, कांडी बदलली की रंग बदलला. शिवाय गव्हाळ ताण्यावर डाळिंबी किंवा मोरपंखी बाणा पडला की जी धूपछाव उमटते ती पँटोनच्या एका चौकोनी कार्डात मावत नाही. एखादी साडी राहिलीच तर एकच राहते, अख्खा ताणा अंगावर येत नाही.

आणि लाटच धरायची असेल तर आपल्या बायकांची धरावी. नवरात्रातले नऊ रंग हा या शतकातच रूढ झालेला, वर्तमानपत्रांनी घरोघरी पोचवलेला महाराष्ट्राचा स्वतःचा रंगट्रेंड आहे. त्याला शास्त्राधार नाही असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. बँकेतल्या, शाळेतल्या, रुग्णालयातल्या बायका एका दिवशी एका रंगात येतात आणि त्यात त्यांना आनंद मिळतो, एवढं मला पुरे. विणकराच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट ही, की बहुतेक रंग वाराप्रमाणे ठरलेले असतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. पंचांग हातात असलं की पुढच्या वर्षाचे रंग आजच सांगता येतात. राखाडी साडी पूर्वी सणाला कुणी मागितली असती? आता मागतात, आणि हिरड्याला लोहाची जोड दिली की राखाडी-काळ्या छटा मिळतात हे आपल्या रंगाऱ्यांना जुनंच ठाऊक आहे.

नागपुरात विणकर सेवा केंद्र आहे, राज्याचं रेशीम संचालनालय इथेच आहे, हातमाग महामंडळही इथलंच. या तिघांनी मिळून तसरसाठी विदर्भाचं स्वतःचं शेड कार्ड करावं. हिरडा, लाख, डाळिंबाची साल आणि पळस, तसर जे रंग मनापासून धरतं तेवढेच रंग, प्रत्येकाची कृती आणि प्रत्येकाचा पक्केपणा तपासून. पळसाचा रंग उन्हाने लवकर फिका होतो ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर काम करणं एकट्या विणकराच्या आवाक्यातलं नाही. ते विणकर सेवा केंद्राचं काम आहे.

२०२६ ची घटस्थापना ११ ऑक्टोबरला, रविवारी आहे, म्हणजे पहिला रंग नारिंगी. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. ती फुलं तेव्हाच गोळा करून वाळवून ठेवावी लागतील. सीताबर्डी आणि इतवारीतल्या ज्या दुकानदारांना त्या दिवसासाठी करवत काठी हवी असेल, त्यांनी पोळ्याच्या बरंच आधी मोहाडीला जाऊन बयाणा द्यावा. पोळ्यानंतर हातात महिनाच उरतो, आणि तेवढ्यात मागावरून उतरतील अशा साड्या थोड्याच असतील.