पुनवेपर्यंत थांबू नका
पेडणे आणि डिचोली तालुक्यातील घरांना कळकळीचे आवाहन



कोजागिरीला पेडण्यात पुनव भरेल. रवळनाथ आणि भूतनाथ या देवांची तरंगे निघतील, एका रात्रीत देऊळ बांधून हवे म्हणून भूतनाथ हट्ट धरील आणि हजारो माणसे ते पाहायला लोटतील. त्या गर्दीत काही घरे आपले आजारी माणूसही घेऊन येतात. 'बाहेरचे काहीतरी लागले आहे' असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. देवाच्या दारी जाऊ नका असे मी म्हणणार नाही. कौल घ्या, नारळ ठेवा, गाऱ्हाणे घाला. पण ज्या माणसाला तुम्ही पुनवेला आणायचे ठरवले आहे, त्याला त्याआधी डॉक्टरकडे न्या. पुनव वर्षातून एकदा येते, त्याचा त्रास रोजचा आहे.

त्रास कसला, ते आधी सांगतो. बाजारात उभे असताना एकाएकी छाती धडधडू लागते, हातपायांना कापरे भरते, घाम फुटतो, श्वास पुरत नाही. आता आपण मरणार किंवा आपल्याला वेड लागणार, असे त्या माणसाला अगदी खरे वाटते. दहाएक मिनिटांत हा झटका शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. ईसीजी चांगला येतो. मग घरात कोणी गॅस म्हणतो, कोणी दृष्ट म्हणतो, कोणी 'नाटके आहेत' म्हणतो. इकडे त्या माणसाने धास्ती घेतलेली असते ती पुढच्या झटक्याची. आधी म्हापशाच्या बसचा प्रवास सुटतो, मग बाजार सुटतो, मग लग्नकार्ये सुटतात आणि शेवटी उंबरठासुद्धा ओलांडवत नाही. या आजाराला भीतीच्या झटक्यांचा विकार म्हणतात आणि तो औषधाने व समुपदेशनाने बरा होतो. एक गोष्ट मात्र पाळा. छातीत पहिल्यांदाच असे झाले तर १०८ ला फोन करून हृदयाची तपासणी आधी करून घ्या. थायरॉईडही तपासा, कारण ती ग्रंथी बिघडली तरी अशीच धडधड होते.

दुसरा प्रकार सततच्या काळजीचा. डिचोलीकरांना काळजी काय असते हे कोणी शिकवायला नको. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. ज्यांच्या दारात कर्जाचा ट्रक उभा होता त्यांची झोप उडाली, आणि उडणारच होती. संकट समोर असताना वाटणारी काळजी हा आजार नाही. पण हप्ते फिटले, मुलगा नोकरीला लागला, तरी मन रोज नवे संकट शोधत राहते, मान-खांदे आखडलेले, झोप नाही, चिडचिड, पोटात गोळा, आणि हे सहा महिन्यांहून अधिक काळ चालते, तेव्हा तो चिंताविकार असतो. 'कशाला एवढा विचार करतोस?' असे सांगून तो जात नाही. विचार थांबवणे हातात असते तर त्याने तो केव्हाच थांबवला असता.

भयगंड त्यामानाने लवकर ओळखू येतो. कोणाला बंद लिफ्टचा, कोणाला उंचीचा, कोणाला इंजेक्शनच्या सुईचा, कोणाला चार माणसांसमोर तोंड उघडण्याचा. या शेवटच्या भीतीची सर्वात प्रसिद्ध गोष्ट आपल्या गोव्याचीच आहे. कांदोळीला १७५६ साली जन्मलेले आबे फारिया पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि त्यांची वाचाच बसली. तेव्हा वडील खालून कोंकणीत पुटपुटले, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी', आणि फारियांची जीभ मोकळी झाली, अशी आख्यायिका आहे. पुढे याच माणसाने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले आणि ठासून सांगितले की संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसलीही गूढ शक्ती नसते, जे घडते ते समोरच्याच्या मनातून घडते. आल्तिनोवरच्या जुन्या मनोरुग्णालयाला त्यांचे नाव होते. मन आजारी पडते आणि त्याला समजून घेता येते, हा विचार आपल्या मातीला दोनशे वर्षे ठाऊक आहे. तरी आपल्या घरात अजून 'पिसो' (वेडा) हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जातो आणि माणूस लपवून ठेवला जातो.

सर्वात जास्त लपवला जातो तो मंत्रचळ. आपल्या घरांत सोवळे-ओवळे असते, म्हणून हा आजार आपल्याकडे वर्षानुवर्षे भक्तीच्या किंवा टापटिपीच्या नावाखाली खपून जातो. सून तासभर हात धुते, आंघोळीला दोन तास लावते, धुतलेली भांडी पुन्हा धुते, आणि आपण म्हणतो की फारच कडक आहे. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे भक्त, जत्रेआधी व्रत पाळतात. त्या व्रताला आरंभ असतो, शेवट असतो आणि ते पुरे झाल्यावर मन शांत होते. मंत्रचळात शेवटही नाही आणि शांतीही नाही. हात स्वच्छ झाले हे डोळ्यांना दिसते, पण मनाला पटत नाही. दार लावले, गॅस बंद केला, हे माहीत असूनही दहादा उठून पाहावे लागते. दिवसाचा तासाहून जास्त वेळ यात जात असेल, किंवा कामधंदा, शाळा, जेवण यांत अडथळा येत असेल, तर तो स्वभाव समजू नका. हा आजार बहुतेकदा पौगंडावस्थेत किंवा तरुणपणी सुरू होतो, म्हणून दहावी-बारावीतले मूल एकच ओळ पुन्हापुन्हा खोडून लिहीत असेल तर त्याला ओरडण्याआधी त्याच्या शेजारी बसा.

आणखी एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलतो. या आजारात नको ते विचार येतात. देवासमोर हात जोडले की मनात शिवी येते. बाळंतिणीला वाटते की आपल्या हातून बाळाला इजा होईल, आणि ती सुरी दिसली तरी थरथरते. तिला हा विचार आवडत नाही, त्याची तिला शिसारी असते, म्हणूनच ती कोणाला सांगत नाही. बायांनो, असा विचार आला म्हणून तुम्ही वाईट आई होत नाही. डॉक्टरने हे पूर्वी कितीतरी वेळा ऐकलेले असते. मात्र बाळंतिणीला कानात आवाज येऊ लागले, ती भलतेच काही खरे मानून चालू लागली, किंवा कोणाच्याही तोंडी जीव देण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मंत्रचळ एके काळी जवळजवळ असाध्य मानला जाई. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर या मानसतज्ज्ञाने रुग्णांना भीतीच्या गोष्टीला हात लावायला दिला आणि नंतरचे धुणे रोखून धरले. भीती आधी वाढली, मग आपोआप उतरली. आजही याच पद्धतीने, थोड्या भीतीपासून मोठ्या भीतीकडे, पायरीपायरीने उपचार होतात. जोडीला औषधे असतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मंत्रचळात कधी दोन-तीन महिने. आठवड्याभरात फरक नाही म्हणून ती सोडू नका. ही औषधे सवय लावणारी नव्हेत. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची, ज्या ओळखीच्या फार्मसीतून चिठ्ठीशिवाय आणल्या जातात. त्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आणि चालू असतील तर एकदम बंदही करू नका. रात्रीचा पेग घेऊन धडधड थांबवणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. दारू उतरली की भीती दुपटीने परत येते.

घरच्यांकडे एक काम आहे. 'आई, मी दार लावले ना?' असे विसाव्यांदा विचारल्यावर विसाव्यांदा 'हो' म्हणणे मायेचे वाटते, पण त्याने आजार पोसला जातो. तसेच रागावूनही उपयोग नाही. 'तुला त्रास होतोय हे मला दिसते, पण याचे उत्तर मी आता देणार नाही, आपण थोडे थांबून पाहू' असे सांगा, आणि हे कसे हळूहळू वाढवायचे ते उपचार करणाऱ्याकडून शिकून घ्या.

आपल्याकडे हे होणार कसे, तज्ज्ञ कुठे आहेत, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तरही गोव्यातच मिळाले आहे. १९९६ साली सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने गोव्यातील आरोग्य केंद्रांत एक मोठा प्रयोग केला. आरोग्य क्षेत्राशी संबंध नसलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांना नैराश्य आणि चिंताविकाराच्या रुग्णांसाठी समुपदेशक म्हणून बसवले. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत, जिथे अशी समुपदेशक होती तिथे सहा महिन्यांनी शंभरातले साधारण ६६ रुग्ण सावरले, जिथे नव्हती तिथे ४२. जगभर या गोव्याच्या कामाचे दाखले दिले जातात. ते पेडणे आणि डिचोलीच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात कायमचे का असू नये, हा प्रश्न आपल्या पंचांनी आणि आमदारांनी सरकारला विचारलाच पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणारे उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे.

शिरगावकरांशी वेगळे बोलायचे आहे. ३ मे २०२५ च्या पहाटे लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, किमान सहा माणसे गेली, कितीतरी जखमी झाली. जे त्यातून वाचले त्यांना गर्दीत गुदमरल्यासारखे होत असेल, ती पहाट स्वप्नात येत असेल, ढोलांचा आवाज ऐकून अंगावर काटा येत असेल, तर 'देवीने वाचवले, आता काय' म्हणून गप्प बसू नका. एवढा काळ लोटूनही हे चालू असेल तर त्यावर उपचार लागतात, आणि ते आहेत.

देवस्थान समित्यांना, घाडी-भटांना हात जोडून सांगणे आहे. लोक तुमचा शब्द मानतात. कौल देताना 'डॉक्टरलाही दाखवा' एवढे एक वाक्य जोडा. कोणालाही उपाशी ठेवणे, मारणे, बांधणे होऊ देऊ नका.

तुमच्या जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरला 'मला भीती वाटते' असे स्पष्ट सांगा, नुसते 'छातीत धडधडते' म्हणून थांबू नका. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था हे सरकारी रुग्णालय आहे. घरातून बाहेर पडवत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येते. आणि ज्याला त्रास आहे त्याला एकट्याला पाठवू नका. या आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि त्याच्याबरोबर तुम्हीही जा.