दुर्गंधी कर्णस्राव : तैलापूर्वी तपासणी

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले आहेत. त्यांपैकी कर्णस्राव व पूतिकर्ण यांचे रुग्ण आपणां सर्वांकडे येतात आणि पुष्कळदा बिल्वतैल किंवा क्षारतैल घेऊन जातात. अशा प्रत्येक कानात तैल घालणे योग्य ठरेल काय, हा प्रश्न आम्ही व्यवसायबंधूंपुढे ठेवू इच्छितो.

महिनोन्‌महिने थोडा पण दुर्गंधी स्राव, वाढते बाधिर्य, पडद्याच्या वरच्या भागी खळगा व पांढरट पापुद्रे, ही लक्षणे कोलेस्टिॲटोमाची असू शकतात. १८३८ साली योहानेस म्युलर यांनी दिलेले हे नाव फसवे आहे. हे खरे अर्बुद नव्हे. मध्यकर्णात शिरलेल्या त्वचेचा व तिच्या मृत पेशींचा तो संचय होय. तो कर्णास्थी झिजवितो. पुढे भ्रम, अर्दित, क्वचित मेंदूत विद्रधीही संभवतो. औषधाने स्राव आटला तरी संचय आत तसाच राहतो.

यावर मुख्य उपाय शस्त्रकर्मच. रोगग्रस्त त्वचा समूळ काढून पडद्याची पुनर्रचना करतात. नुसते पातळ आवरण बसविल्यास मध्यकर्णातील ऋण दाबाने ते पुन्हा आत ओढले जाऊ शकते. म्हणून रुग्णाच्याच बाह्यकर्णातील कूर्चेचा पातळ काप वापरतात. ती ताठ असल्याने आत ओढली जाण्यास विरोध करते, आणि श्रवणही सहसा चांगले राहते. मात्र तिच्यामागे उरलेला रोग दिसत नाही. त्यामुळे पुढील काही वर्षे तपासणी, एमआरआय, प्रसंगी दुसरे शस्त्रकर्मही लागते.

रुग्ण हातचा जाईल, ही भीती आम्हांस अनाठायी वाटते. सुश्रुतांनी कानातील ज्या अस्थीस ‘तरुण’ म्हटले, तिचाच हा उपयोग आहे. रुग्ण वेळीच शल्यचिकित्सकाकडे पाठविण्यात शास्त्रास कमीपणा नाही. त्याच्या जीर्ण प्रतिश्यायाची चिकित्सा व पथ्य आपल्याकडेच राहते.

तेव्हा वैद्यांनी कर्णदर्शक यंत्राने पडदा पाहिल्यावाचून कर्णपूरण करू नये. पडद्यास छिद्र असल्यास वा तो नीट दिसत नसल्यास तैल टाळावे. औषधविक्रेत्यांनीही तेलाची कुपी देण्यापूर्वी, ‘कान कोणी तपासला आहे काय?’ एवढे अवश्य विचारावे. या एका प्रश्नाने कोणाचे श्रवण वाचू शकेल.