रात्र कोणाची?

मॉरिशसला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींना काय पाहिले म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले: हॉटेलातला बुफे, ग्राँ बे इथला डिस्को आणि किनाऱ्यावरचे फोटो. ज्याचे पैसे, त्याची मौज. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती डोळे मिटून केलेल्या मौजेबद्दल.

रात्री जेवताना समोर जो सेगा नाच चालतो, तो आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी रावान नावाच्या डफावर घडवला. २०१४ साली युनेस्कोने त्याला वारशाचा मान दिला. आपल्या लेखी मात्र तो ताटाच्या कडेचा पापड!

गुलामगिरी संपत आली तेव्हा, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांत राबायला हिंदुस्थानी मजूर नेले गेले. त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांच्या घरात आज बहुधा क्रिओल चालते. तरी त्यांची मुले शाळेत मराठी शिकतात आणि गणपती त्याच समुद्रात विसर्जित होतो. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा घेऊन जगणाऱ्या आपल्याला तरी याचे मोल कळू नये काय?

म्हणून सांगणे एवढेच, की एक सकाळ पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला द्या. रस्त्यावरच्या गाडीवर दालपुरी खा. फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर डुंबायला जालच, तर जवळच्या कास्कावेल गावातल्या मराठी माणसांना ‘नमस्कार’ म्हणून या. मग रात्री खुशाल नाचा!