आंतरराष्ट्रीय शाळा कोणासाठी?

देवळाली कॅम्प ही मूळची गोऱ्या पलटणींची छावणी. येथेच १९२५ साली अँग्लो-इंडियन व युरोपीय मुलांच्या शिक्षणासाठी बार्न्स स्कूल उभे राहिले. साहेबाच्या आणि रयतेच्या मुलांनी एका बाकावर बसू नये, ही त्या काळची उघड रीत होती. साहेब गेला, रीत मात्र राहिली. आज तिने 'आंतरराष्ट्रीय' हे सभ्य नाव धारण केले आहे.

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था १९६८ साली जिनिव्हात स्थापन झाली. देशोदेशी बदली होणाऱ्या राजदूतांच्या व आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांच्या मुलांची आबाळ होऊ नये, हा तिचा मूळ हेतू रास्त होता. परंतु मुंबई-पुण्यात लाखो रुपये शुल्क भरून हा किंवा केंब्रिजचा अभ्यासक्रम घेणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आईबाप कोठल्या देशाचे राजदूत आहेत? ती येथलीच मुले आहेत. त्यांना परदेश गाठण्याआधी स्वतःच्या समाजातून बाहेर काढले जात आहे.

या अभ्यासक्रमांत प्रश्न विचारण्याला, प्रयोगाला आणि हाताने काम करण्याला स्थान आहे, असे त्यांचे समर्थक सांगतात. ते खरेही आहे. पण हातातील कामातून शिक्षण हा विचार १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलाच होता, आणि तो खेड्यातील प्रत्येक मुलासाठी होता. जे सर्वांना फुकट द्यावयाचे होते, ते मूठभरांना विकले जात आहे, हा आमचा आक्षेप आहे.

यावर 'ज्याचा पैसा, त्याची निवड' असे उत्तर मिळते. अर्थशास्त्राच्या कसोटीवर हे उत्तर टिकत नाही. अशा शाळा चालविणारे विश्वस्त निधी धर्मादाय म्हणून प्राप्तिकरातून सूट घेतात. म्हणजे त्यांच्या भिंतीत करदात्याचाही पैसा आहे. रयतेच्या करातून वरिष्ठ वर्गाचे शिक्षण चालते, ही तक्रार महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली होती. शिवाय ज्यांच्या शब्दाला मंत्रालयात वजन आहे, त्यांची मुले सार्वजनिक शाळेतून गेली की तिच्या गळक्या छपरासाठी भांडणारा उरत नाही. शाळा खालावते, मग तिच्या खालावण्याचेच कारण देऊन आणखी मुले काढली जातात.

शासनाने काय केले? २०१८ साली महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढून पहिल्या टप्प्यात १३ शाळा निवडल्या. सरकार बदलताच २०२० साली मंडळ बरखास्त झाले. चांगले शिक्षण निवडकांचेच, हे तत्त्व शासनानेच मान्य केले, आणि तेही दोन वर्षे टिकविले नाही. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची हालचाल झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळांना गरिबांच्या २५ टक्के जागांतून मोकळे करण्याचा घाट घातला गेला. तो जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविला, विधिमंडळाने नव्हे.

चीनने २०२१ साली खासगी शाळांतील सक्तीच्या शिक्षणात परकीय पाठ्यपुस्तकांना मनाई केली. तसला हुकुमी मार्ग लोकशाही समाजवाद्यांचा नव्हे. आमची मागणी साधी आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविलेली परिसर शाळा आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च, या दोन गोष्टी अमलात आणा. २५ टक्के जागा प्रत्येक पात्र शाळेत भरल्या जातात की नाही, हे कार्यकर्त्यांनी दरवर्षी दारात उभे राहून तपासावे. सरकारी वेतन घेणाऱ्यांची मुले सरकारी शाळेत जावीत, असा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला होता. तो कागदावरच राहिला. तीच मागणी येथे उचलावी.

आणि ती उचलण्यापूर्वी आपल्या घरात पाहावे. प्रस्तुत लेखकाचा नातू अशाच एका शाळेत जातो. मुलाला पटविण्यात मी हरलो, हे कबूल करूनच हे लिहीत आहे. शिपायाचे आणि राष्ट्रपतीचे मूल एकाच शाळेत शिकावे, ही घोषणा आपण अनेक वर्षे दिली. पुढाऱ्यांची आणि प्राध्यापकांची मुले कोठे शिकतात, हे लोकांना दिसत असते. ती परत येईपर्यंत घोषणेला वजन येणार नाही.