पडद्यावरचा मुका आणि आमचा ‘मूकनायक’



गेल्या रविवारी शुक्रवार पेठेतल्या एका माडीवर आम्ही पंधरा-वीस जणांनी सत्यजित राय यांचा ‘सद्गती’ पाहिला. पडदा म्हणून आधी सोलापुरी चादर बांधली, तर दुखीच्या तोंडावर तिचीच नक्षी यायला लागली. मग शेजारून पांढरं धोतर मागून आणलं.

हा उद्योग आम्ही केला त्याला एक निमित्त होतं. शहरातल्या एका चित्रपट रसिकांच्या कार्यक्रमात एका विद्वानांनी आम्हाला समजावलं होतं की, अभिजात भारतीय सिनेमा म्हणजे माणसाच्या श्रद्धेचा आणि दुःखाचा शोध, त्यात जात शोधणं म्हणजे कलेचा अपमान. टाळ्या झाल्या. आम्हीही सभ्यपणे चहा पिऊन परतलो. पण घसा कडूच राहिला.

‘सद्गती’ राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केला, कथा प्रेमचंदांची. दुखी नावाचा चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडिताकडे जातो. पंडित त्याला कामाला जुंपतो. अंगण झाडायचं, भुसा वाहायचा, मग एक गाठाळ ओंडका फोडायचा. दुखी नुकताच तापातून उठलेला आणि उपाशी. ओंडका फुटत नाही, दुखी मरतो. प्रेताला हात कुणी लावायचा? शेवटी पंडित पायात दोरीचा फास अडकवून ते ओढत नेतो आणि मेलेली जनावरं टाकतात तिथं टाकतो. ओम पुरी, स्मिता पाटील, मोहन आगाशे. कामाबद्दल बोलायलाच नको.

सिनेमा संपल्यावर सगळे गप्प होते. विड्या वळणारी आमची एक मावशी मात्र म्हणाली, “त्याची त्या दिवसाची मजुरी किती झाली रं?”

विद्वानांना हा प्रश्न सुचला नव्हता. मावशीला सुचला, कारण हजार विड्यांमागे हातात काय पडतं आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचं काय होतं, हे तिला रोज कळतं. दुखीला कुणी बांधून आणलेलं नव्हतं. मुलीचं लग्न पंडिताच्या तोंडच्या मुहूर्ताशिवाय होत नाही, ही त्याची श्रद्धाच त्याला बांधून होती. म्हणजे श्रद्धा आणि हाल हे या सिनेमाचे दोन वेगळे विषय नाहीतच. श्रद्धा हा वेठीचा दोर आहे. राय यांनी तो स्पष्ट दाखवला, याचं श्रेय आम्ही त्यांना देतो. पाहणारे तो बघत नाहीत, ही तक्रार आहे.

आपल्या जिल्ह्यात हा दोर फार जुना आहे. मंगळवेढ्यात १३३८ साली चोखोबा मेले ते गावकुसाचं काम करताना, भिंत अंगावर कोसळून. वेठीचं काम. आम्हाला मात्र लहानपणापासून गोष्ट सांगितली गेली ती हाडांतून येणाऱ्या विठ्ठलनामाची. भिंत कुणी बांधायला लावली, हे कीर्तनात येत नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली आपला अस्पृश्यांवरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. आणि त्याच्या वीस वर्षं आधी, १९२८ साली, मुंबईच्या कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. महारांच्या राबण्याला ठरलेला मोबदला द्या, ही त्यातली मागणी. म्हणजे मावशीचाच प्रश्न.

आता सिनेमाच्या तारखा शेजारी ठेवून बघा. १९३५ साली ‘प्रभात’चा ‘धर्मात्मा’ आला. त्यात संत एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात आणि प्रेक्षक गहिवरतात. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेब सांगतात की हिंदू म्हणून मरणार नाही. १९३६ साली ‘संत तुकाराम’ येतो, पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरवला जातो. त्यात तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात. त्याच १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापलं जातं, कारण लाहोरला ते भाषण करूच दिलं नाही. ‘संत तुकाराम’ आम्हालाही आवडतो, विशेषतः देवावर चप्पल उगारणारी जिजाई. तिच्या पोटात पोराची भूक आहे, म्हणून ती खरी वाटते. पण वह्या बुडवणाऱ्या व्यवस्थेचा हिशेब विमान आलं की मिटतो.

यानंतर समांतर सिनेमा आला. चमत्कार गेले, वास्तव आलं. पण आमचा माणूस आला तो मुका होऊन. श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’मधला (१९७४) किष्टय्या मूकबधिर. गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मधला (१९८०) आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण सिनेमाभर तोंड उघडत नाही. त्याच्या वतीने बोलतो वकील भास्कर कुलकर्णी. शिकलेला, बोलणारा आदिवासी एकच, आणि तो सरकारी वकील, लहान्याच्या विरुद्ध उभा.

कुणी म्हणेल, शोषिताला बोलूच दिलं जात नाही हेच दाखवायचं होतं. मान्य, दिग्दर्शकांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण १९७४ साली खरंच कोण मुकं होतं? पँथर १९७२ साली उभी राहिली, ‘गोलपिठा’ त्याच वर्षी आला. ‘बलुतं’ १९७८ साली. नामांतरासाठी मराठवाड्यात घरं जळत होती तरी माणसं मागणी सोडत नव्हती. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तेव्हाच मुक्यांना तोंड फुटलं होतं, आणि त्याच्या माथ्यावर होता तुकोबांचाच अभंग! पन्नास वर्षांनंतर हा सिनेमा पुन्हा मुका माणूस शोधत गावोगाव हिंडला. मुक्याबद्दल करुणा वाटणं सोपं असतं. बोलणारा माणूस हिशेब मागतो.

‘अंकुर’च्या शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या घराच्या काचेवर दगड मारतो. तो दगड काचेवर थांबला. पुढे फेकायला आपल्याच करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा माणूस यावा लागला. नागराज मंजुळेच्या ‘फँड्री’त जब्या दगड उचलतो आणि तो थेट आपल्याकडे येतो, पाहणाऱ्याकडे. जब्याचीही एक श्रद्धा आहे, काळ्या चिमणीच्या राखेवर. मंजुळे तिला हसत नाही आणि आरतीही करत नाही. आणि मारलेलं डुक्कर काठीला बांधून जब्याच्या घरचे शाळेच्या भिंतीसमोरून जातात तेव्हा मागे बाबासाहेब, फुले, सावित्रीमाई आहेत. त्या दृश्यात एकही वाक्य नाही, पण तिथं मुकं कुणीच नाही.

येत्या रविवारी त्याच माडीवर ‘फँड्री’ लावतोय. नंतर बोलायचं आहे, तेव्हा तयारीनं या. रसिकांच्या कार्यक्रमातल्या त्या विद्वानांनाही निरोप धाडलाय. मावशी विड्यांचं सूप घेऊन येणार आहे, तिच्यासाठी दिव्याखालची जागा सोडा. आणि कुणाकडे मोठा पांढरा पडदा असेल तर आणा, धोतर परत करायचं आहे.