डॉक्टरांची पेन्शन अडते कुठे?

तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर निवृत्त होतात. शाल-श्रीफळ होते, फोटो निघतात. सहा महिन्यांनी तेच डॉक्टर बगलेत फाईल धरून जिल्हा परिषदेचा जिना चढताना दिसले, तर नवल वाटून घेऊ नका. पेन्शन मंजूर व्हायची तर नोकरीची सगळी वर्षे कागदावर सापडावी लागतात.

हा कागद म्हणजे सेवापुस्तक. रुजू झाल्याची तारीख, बदल्या, रजा, वेतनवाढ, सगळे त्यात. बदली झाली की पुस्तकही पुढच्या कार्यालयात जाते. निवृत्तीच्या वेळी आमच्या विभागातले प्रकरण वेतन पडताळणी पथकाकडून तपासून नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात पोहोचते. मधल्या एखाद्या वर्षाची नोंद नसेल, तर आक्षेप लागून फाईल परत येते.

वऱ्हाडात हा गुंता जास्त होण्याची कारणे आहेत. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. त्याआधी रिसोड किंवा मंगरूळपीरला काम केलेल्या डॉक्टरने जुनी वेतन देयके मागायची कुठे, अकोल्याला की वाशिमला? दोन्हीकडे विचारावे लागते. दुसरे कारण तात्पुरत्या नेमणुकांचे. मेळघाटासारख्या भागात नियमित डॉक्टर मिळत नाही म्हणून ठरावीक महिन्यांचा आदेश, मग एक-दोन दिवसांचा तांत्रिक खंड, मग पुन्हा आदेश, अशी वर्षे अनेकांनी काढली आहेत. पुढे सेवा नियमित झाली, तरी ते खंड क्षमापित झाल्याचा आदेश पुस्तकात नसेल, तर आधीची वर्षे पेन्शनसाठी धरली जाणे कठीण. म्हणजे धारणी-चिखलदऱ्याला राहिला, त्याचाच कागद कच्चा!

त्यात 2005 ची रेघ आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. या प्रश्नावर 14 ते 20 मार्च 2023 दरम्यान राज्यभर संप झाला, तेव्हा सरकारी दवाखान्यांतून रुग्ण परत गेले, हे तुम्हाला आठवत असेल. जानेवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने एक वाट काढली: भरतीची जाहिरात त्या तारखेआधीची असेल, तर जुन्या पेन्शनचा पर्याय. निर्णय चांगलाच, पण वीस वर्षांपूर्वीच्या जाहिरातीचा पुरावा लागतो, म्हणजे पुन्हा कागदच.

ब्रिटनमध्येही हे घडले आहे. 2015 मध्ये तिथल्या फॅमिली डॉक्टरांचे कार्यालयीन काम कॅपिटा या खासगी कंपनीकडे गेले आणि नंतर पेन्शनच्या नोंदी गहाळ असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. तेव्हा काम संगणकावर नेले की प्रश्न सुटला, असे मी मानत नाही.

तुम्ही रुग्ण, तुमचा यात काय संबंध? ओपीडीच्या दिवशी डॉक्टर मुख्यालयी गेलेले असतात, त्याचे एक कारण हे कागद. आणि आडगावातली वर्षे पेन्शनमध्ये मोजली जातील याची खात्री नसेल, तर तरुण डॉक्टर तिथे का थांबेल? (गावातल्या खासगी फॅमिली डॉक्टरला तर पेन्शनच नसते. पंचाहत्तरीतही ते दवाखाना उघडतात, त्यामागे हौस किती आणि गरज किती, हे आपण कधी विचारत नाही.)

तुमच्या घरात डॉक्टर, नर्स किंवा आरोग्यसेवक असेल, तर निवृत्तीची वाट पाहू नका. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्या आणि दरवर्षी नोंदी ताडून पाहा. मूळ पुस्तकच सापडत नसेल, तर नेमणूक आणि बदलीचे आदेश, रुजू अहवाल, भविष्य निर्वाह निधीच्या चिठ्ठ्या, ज्येष्ठता सूची आणि वेतन देयके यांवरून ते पुन्हा तयार करता येते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. उत्तर नाही आले तर माहितीच्या अधिकारात विचारा. प्रकरण वेळेत होणार नसेल, तर तात्पुरत्या पेन्शनची तरतूद 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांतच आहे. ती मागावी लागते.

नवीन पेन्शन योजनेतल्यांनी आपल्या प्रान खात्यात दरमहा कपात आणि सरकारचा हिस्सा, दोन्ही जमा होतात का ते पाहावे. सगळ्यांनीच नामनिर्देशन आणि कुटुंबाचा तपशील आज तपासावा. लग्नाआधी लिहिलेले आईचे नाव तसेच राहिलेले असते, आणि ते कळते तेव्हा अर्ज घेऊन पत्नी एकटी कार्यालयात उभी असते.